सारथ्याचें वय

मनुष्यानें नाना प्रकारचीं वाहनें निर्माण केलीं. परंतु वाहनाबरोबर सारथी आपोआप निर्माण होत नाहीं, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत फार उशिरां आली. बैलगाडीच्या काळांत ही उणीव फारशी जाणवत नसे. गाडीवानाचें पोर धुरेवर बसून डुलक्या घेऊं लागलें, तरी बैल ओळखीच्या वाटेनें घरीं पोंचत. घोडा खड्डा पाहून आपण होऊन थबके. समोर माणूस आडवा आला तर बिचके. हांकणाराच्या शहाणपणांत जी कसर राही, ती जनावराचें शहाणपण भरून काढी. मोटारगाडीनें ही सोय नाहींशी केली. तिच्या अंगीं पन्नास-शंभर घोड्यांचें बळ आलें, पण एका घोड्याचीहि अक्कल आली नाहीं. ती सारी अक्कल चक्रापाशीं बसलेल्या मनुष्यानेंच आणावयाची. आणि तो मनुष्य सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असला, तर ती त्यानें कोठून आणावयाची? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां अनेक देशांना जवळ जवळ एक शतक खर्चीं घालावें लागलें.

मोटारीच्या इतिहासाचा पहिला प्रवेशच दोन शाळकरी मुलांना घेऊन होतो. १८८६ सालीं जर्मनींतील कार्ल बेन्झ ह्यांनीं आपल्या तीन चाकी मोटारगाडीचें पेटंट घेतलें. परंतु ह्या विलक्षण वाहनावर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांची पत्नी बेर्था हिनें पतीला न सांगतां भल्या सकाळीं गाडी बाहेर काढली, आणि पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिखार्ड ह्या आपल्या मुलांस बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइम ह्या माहेरच्या गांवीं प्रयाण केलें. अंतर साठ मैलांहून अधिक होतें. वाटेंत इंधन संपलें, तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून लिग्रोईन नांवाचें तेल विकत घेतलें. चढणीवर मुलांनीं गाडी ढकलली. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हां त्यांवर मोच्याकडून चामडें ठोकून घेतलें. मधून मधून सुकाणूंहि मुलांच्या हातीं होतें, असें सांगतात. ह्या प्रवासानें मोटारीची कीर्ति झाली. परंतु त्यांतली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. गाडी सावकाश चालत होती, रस्ता मोकळा होता, आणि आई शेजारीं बसली होती. कोंवळ्या वयाच्या चालकास सुरक्षित ठेवणाऱ्या तिन्ही गोष्टी पहिल्याच प्रवासांत हजर होत्या. पण तो निवळ योगायोग होता. पुढें मोटार वेगवान झाली, रस्ते गजबजले, आणि आई शेजारून उठून गेली.

त्याच सुमारास बेन्झ ह्यांना बाडेनच्या सरकाराकडून रस्त्यावर गाडी चालविण्याची लेखी परवानगी मिळाली. जगांतील पहिला परवाना म्हणून तिचा उल्लेख केला जातो. त्या परवानगीमागें चालकाच्या कौशल्याची परीक्षा नव्हती. चालकाच्या लायकीचा विचार प्रथम पॅरिसच्या पोलीस खात्यानें केला आणि १८९३ सालीं मोटार हांकणारास प्रमाणपत्र घेणें भाग पाडलें. इतर देशांनीं मात्र हा धडा लागलीच गिरविला नाहीं.

इंग्लंडमध्यें आरंभ भीतीनें झाला. १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक गाडीचा वेग गांवांत तासीं दोन मैल व गांवाबाहेर चार मैल असा बांधून दिला, आणि गाडीपुढें साठ यार्डांवर तांबडें निशाण घेऊन एक माणूस चालला पाहिजे, असें फर्माविलें. १८९६ सालीं हीं बंधनें सैल होण्याच्या बेतांत असतांनाच, १७ ऑगस्ट रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत प्रदर्शनासाठीं फिरत असलेल्या एका मोटारीखालीं सांपडून चवेचाळीस वर्षांची एक बाई मरण पावली. गाडीचा वेग आजच्या मानानें हंसूं येण्याजोगा होता; परंतु चालकाला गाडी हांकूं लागून अवघे तीन आठवडे झाले होते. चौकशी करणाऱ्या कोरोनरनें असा प्रसंग पुन्हां न येवो, अशी आशा प्रकट केली. ती आशा किती फोल ठरली हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या चौकशींतून एक प्रश्न मात्र सरळ निघावयास हवा होता: तीन आठवड्यांचा अनुभव पुरेसा कीं अपुरा? तो प्रश्न कायद्यानें पुढें जवळ जवळ चाळीस वर्षें विचारलाच नाहीं.

१९०३ च्या इंग्रजी मोटार कायद्यानें परवाना आवश्यक केला. तो पांच शिलिंगांस मिळे. मोटारीसाठीं वयाची अट सतरा वर्षें व मोटारसायकलीसाठीं चौदा वर्षें होती; परीक्षा मुळींच नव्हती. फी भरतांच पदवी हातीं पडावी, अशांतलाच हा प्रकार होता. अपघात करून पळालेला मनुष्य ओळखूं यावा व वारंवार गुन्हा करणाराचा परवाना काढून घेतां यावा, एवढाच त्या कागदाचा उपयोग. अमेरिकेंत मॅसाच्युसेट्स व मिसूरी ह्या राज्यांनीं त्याच वर्षीं परवाना सुरू केला; परंतु परवान्यापूर्वीं परीक्षा घेण्याचें शहाणपण ऱ्होड आयलंड ह्या चिमुकल्या राज्यास १९०८ सालीं प्रथम सुचलें. मग शिकवी कोण? गाडी विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला दोन-चार फेऱ्या मारून दाखवी. श्रीमंताच्या घरीं जुना कोचमन शोफर होई. आणि मुलगा बापाच्या किंवा मित्राच्या शेजारीं बसून जें दिसेल तें उचली. १९१० सालीं लंडनच्या पेकॅम राय भागांत स्टॅन्ले रॉबर्ट्स ह्यांनीं आपल्या आईबापांच्या घरीं मोटार शिकविण्याची संस्था काढली, व ती पुढें देशभर पसरली. पण शिकणें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें. जो शिकला तो शहाणा ठरे. जो शिकला नाहीं त्यालाहि रस्ता मोकळाच होता.

ह्या मोकळिकीची किंमत इंग्लंडनें १९३० नंतरच्या वर्षांत मोजली. १९३० च्या कायद्यानें मोटारींवरील वेगाची मर्यादा काढून टाकली. मात्र त्याच कायद्यानें मोटारसायकलीचें वय सोळावर नेलें, विमा सक्तीचा केला आणि रस्त्यावरील वर्तनाची संहिता काढण्याची तरतूद केली. ही संहिता १९३१ सालीं एका पेनीस विकली जाऊं लागली. पुस्तिका चांगली होती. पण परीक्षा नसलेलें पाठ्यपुस्तक किती विद्यार्थी मनापासून वाचतात, हें शिक्षकांस ठाऊकच आहे. १९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं, आणि तीं अशा काळीं कीं आजच्या मानानें मोटारी अगदीं मूठभर होत्या. देशाची झोंप उडाली. लेस्ली होअर-बेलिशा ह्या मंत्र्यांच्या कारकीर्दींत वस्तींतील वेग तासीं तीस मैलांवर आणला गेला, आणि मार्च १९३५ मध्यें ऐच्छिक व १ जून १९३५ पासून सक्तीची अशी चालकाची परीक्षा सुरू झाली. १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवूं लागलेल्या सर्वांना ती लागू होती.

त्या परीक्षेचा थाट साधा होता. फी साडेसात शिलिंग. परीक्षेचीं केंद्रें नव्हतीं. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनाजवळ किंवा अशाच एखाद्या ठरलेल्या जागीं भेटे आणि अर्ध्या तासांत त्याची पारख करी. शिकाऊ चालकाच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल्’ अक्षर लावण्याचा प्रघात तेव्हांपासून पडला. पहिल्या वर्षीं सुमारें २,४६,००० उमेदवारांनीं अर्ज केले व शेंकडा ६३ उत्तीर्ण झाले. हा आंकडा उलट बाजूनें वाचला पाहिजे. शेंकडा सदतीस माणसें, परीक्षा नसती तर, पांच शिलिंग भरून त्याच दिवशीं रस्त्यावर उतरलीं असतीं. महायुद्धांत ही परीक्षा बंद होती. १९४६ च्या नोव्हेंबरांत ती पुन्हां चालू झाली आणि आज जगांतील बहुतेक देशांत तिचीं भावंडें नांदत आहेत.

येथवरचा इतिहास दोन धड्यांचा आहे: पहिला हातांचा आणि दुसरा नियमांचा. चक्र कसें फिरवावें, ब्रेक केव्हां दाबावा, वळणापूर्वीं खूण कशी करावी, कोणास आधीं जाऊं द्यावें, हें शिकवितां येतें व तपासतांहि येतें. अमेरिकेनें हे दोन्ही धडे थेट शाळेंत आणले. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीमुळें तेथील शेतकऱ्याच्या अंगणांतहि मोटार आली होती, आणि अंगणांत मोटार म्हटली कीं मुलगा तिच्यावर बसणारच. १९३३-३४ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियांतील स्टेट कॉलेज ह्या गांवीं एमॉस नेहार्ट नांवाच्या प्राध्यापकानें हायस्कुलांतील मुलांना मोटार शिकविण्याचा वर्ग काढला. त्यासाठीं त्यानें स्वतःची १९२९ सालची ग्रॅहॅम-पेज गाडी वापरली. इतिहास-भूगोलाप्रमाणें मोटार हाहि शाळेचा विषय व्हावा, ही कल्पना लोकांस पटली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारों हायस्कुलांत दुहेरी ब्रेकांच्या गाड्या दिसूं लागल्या, आणि शिकलेला मुलगा सुरक्षित मुलगा, असें समीकरण सर्वत्र रूढ झालें.

हें समीकरण पारखून पाहण्याचें धैर्य सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यांतील डीकाल्ब परगण्यांत दाखविण्यांत आलें. सुमारें सोळा हजार विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले. एकास अत्यंत काळजीपूर्वक आंखलेलें विस्तृत शिक्षण दिलें, दुसऱ्यास परवान्यापुरतें जुजबी, व तिसऱ्यास शाळेनें कांहींच शिकविलें नाहीं. पुढें त्यांच्या अपघातांची नोंद ठेवली. निष्कर्ष शिक्षकांस रुचणारा नव्हता. विस्तृत शिक्षणाचा लाभ झालाच तर पहिल्या कांहीं महिन्यांपुरता झाला. टिकाऊ फरक आढळला नाहीं. शिवाय शिकविलेल्या मुलांना परवाना लवकर मिळे, म्हणजे तीं कोंवळ्या वयांतच अधिक संख्येनें रस्त्यावर येत. शाळेनें मुलाचे हात तयार केले होते; पण अपघात हातांमुळें होत नव्हते.

ह्या कोड्याचा उलगडा करण्यास महाभारतांतील नलोपाख्यान उपयोगीं पडतें. नलासारखा सारथी त्रिभुवनांत नव्हता. बाहुकाच्या वेषांत तो ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हांकीत असतां राजाचा शेला खालीं पडला. तो उचलून घेण्यास राजानें सांगावें, तोंवर रथ योजनभर पुढें गेला होता. अश्वविद्येंत एवढा निपुण असलेला हा पुरुष द्यूतांत मात्र राज्य घालवून बसला होता, कारण केव्हां थांबावें हें त्याला कळलें नाहीं. अखेरीस ऋतुपर्णानें त्याला अक्षविद्या दिली, तेव्हां कुठें त्याच्या शरीरांतून कलि बाहेर पडला. हातांचें नैपुण्य आणि मनाचा लगाम ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. एक आली म्हणजे दुसरी आलीच, असें समजूं नये, हा त्या कथेंतील बोध मोटारयुगांत आंकड्यांनीं सिद्ध झाला.

संशोधकांनीं जसजशा अपघातांच्या नोंदी चाळल्या, तसतसें तरुण चालकाचें चित्र स्पष्ट होत गेलें. वडील माणूस शेजारीं असतांना शिकाऊ मुलाच्या हातून अपघात फार थोडे होतात. परवाना मिळून तो एकटा निघाला कीं पहिल्या कांहीं महिन्यांत धोका एकदम चढतो, आणि मग अनुभवानें हळूं हळूं उतरतो. रात्रीं तो अधिक असतो. गाडींत समवयस्क मित्र बसले कीं तो वाढतो, व मित्रांच्या संख्येबरोबर वाढत जातो. प्रौढ चालकाला सोबत बहुधा सावध करते; सोळा वर्षांच्या चालकाला सोबत्यांचें हंसणें-ओरडणें वेगाकडे ढकलतें. मुलगा तोच, गाडी तीच, रस्ता तोच. शेजारीं बाप बसला कीं एक चालक, आणि मागें तीन मित्र बसले कीं दुसरा. परीक्षकाला अर्ध्या तासांत दिसतो तो ह्यांतला पहिला. रात्रीं दहा वाजतां रस्त्यावर असतो तो दुसरा. कोणत्याहि परीक्षेंत ही उणीव राहणारच, कारण संयम हा तपासण्याचा विषय नसून संवयीचा विषय आहे.

तेव्हां ह्या तिसऱ्या धड्यासाठीं निराळी रीत शोधावी लागली. सत्तरीच्या दशकांत उत्तर कॅरोलायनांतील संशोधिका पॅट्रिशिया वॉलर ह्यांनीं असें सुचविलें कीं परवाना हा एका दिवसांत देऊं नये, पायरी पायरीनें द्यावा. ही कल्पना प्रथम अंमलांत आणली ती न्यूझीलंडनें. तेथें पंधराव्या वर्षीं परवाना मिळे. १ ऑगस्ट १९८७ पासून त्या देशानें तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर अनुभवी माणूस शेजारीं असल्याशिवाय गाडी चालवावयाची नाहीं. दुसऱ्या पायरीवर एकट्यानें चालविण्यास मोकळीक. परंतु रात्रीं दहा ते पहांटे पांचपर्यंत बंदी, आणि अनुभवी चालक सोबत नसेल तर इतर उतारू घेण्यासहि बंदी. ही पायरी पार पडली म्हणजे पूर्ण परवाना. पुढील वर्षांत तेथील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या अपघातांतील जखमांचें प्रमाण घटल्याचें आढळलें. मग कॅनडांतील ओन्टारिओनें १९९४ सालीं, अमेरिकेंतील फ्लोरिडानें १९९६ सालीं, आणि वॉलर ह्यांच्या उत्तर कॅरोलायनानें १९९७ सालीं हाच मार्ग धरला. न्यूझीलंडनें २०११ सालीं आरंभाचें वयहि पंधरावरून सोळावर नेलें. ह्या योजनेंतील खुबी अशी कीं ती मुलाला उपदेश करीत बसत नाहीं. ज्या वेळीं व ज्या संगतींत त्याचा तोल जाण्याचा संभव अधिक, तेवढ्याच गोष्टी ती कांहीं काळ त्याच्यापासून दूर ठेवते, आणि दरम्यान अनुभवाला आपलें काम करूं देते.

हिंदुस्थानांत ह्या प्रश्नाचें स्वरूप थोडें निराळें राहिलें. येथें १९१४ च्या मोटार कायद्यानें आरंभापासूनच अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक रस्त्यावर मोटार हांकण्याची मनाई केली; १९३९ व १९८८ च्या कायद्यांनींहि तीच मर्यादा राखली. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या मोटारसायकलीसाठीं मात्र १९८८ च्या कायद्यांत सोळा वर्षांची सवलत ठेवण्यांत आली. सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना, शेजारीं शिकविणारा, गाडीवर ‘एल्’ची पाटी, आणि किमान तीस दिवसांनंतर परीक्षा, ही व्यवस्था कागदावर पुष्कळ चांगली आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. ज्या मुलाला कायदा रस्त्यावर येऊंच देत नाहीं, त्याला घरचीच माणसें येऊं देतात. शिकवणीला उशीर होतो, बस वेळेवर येत नाहीं, शेजारच्यांचा मुलगाहि नेतो. अशीं कारणें सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकूं येतात. अशा मुलाच्या वांट्याला ना शिकाऊ पाटी येते, ना शेजारचा वडील माणूस, ना परीक्षक. इंग्लंडनें १९३५ मध्यें जी स्थिति मोडून काढली, ती अशा घरापुरती पुन्हां जन्मास येते.

म्हणूनच २०१९ सालीं भारतीय कायद्यांत झालेली दुरुस्ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अल्पवयी मुलानें गाडी चालवितांना गुन्हा केला, तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला दोषी धरावें, असें तिनें ठरविलें. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड ही शिक्षा त्यांना सांगितली आहे. मुलानें आपल्या नकळत गाडी नेली, किंवा तें टाळण्यासाठीं शक्य तें सर्व केलें होतें, असें पालकानें सिद्ध केल्यास तो सुटूं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ कायदा चक्रापाशीं बसलेल्या हातांकडे पाहत होता. आतां तो किल्ली देणाऱ्या हाताकडेहि पाहूं लागला आहे.

ह्या सर्व इतिहासाचें तात्पर्य तीन धड्यांत सांठवितां येईल. हातांचा धडा शिकविणाऱ्या संस्थेनें द्यावा; कांहीं आठवड्यांत तो येतो. नियमांचा धडा पुस्तकानें द्यावा व परीक्षेनें पक्का करावा. संयमाचा धडा मात्र सरकारला पूर्णपणें देतां येत नाहीं. न्यूझीलंडसारखा देश त्यासाठीं फार तर वेळ राखून ठेवूं शकतो. परवाना मिळालेल्या मुलाबरोबर पहिले कांहीं महिने घरांतील कोणी बसावें, रात्रींच्या फेऱ्या व मित्रांची वरात पुढें ढकलावी, मोकळीक हप्त्याहप्त्यानें द्यावी, हें कायद्याची वाट न पाहतां कोणत्याहि घराला करतां येतें.

आणि त्याच्याहि आधीं एक गोष्ट घडत असते. मागच्या आसनावर बसलेलें मूल वडिलांची गाडी हांकण्याची रीत रोज पाहत असतें. तांबडा दिवा असतांना पोलीस नाहीं असें पाहून ते पुढें जातात काय, म्हाताऱ्या पादचाऱ्यासाठीं थांबतात कीं भोंगा वाजवितात, कोणी पुढें गेला तर त्यांच्या तोंडून काय निघतें, हें सर्व तें मुकाट्यानें टिपून घेतें. ह्या पाठाला वेळापत्रक नाहीं, फी नाहीं व सुटीहि नाहीं. मुलाच्या हातीं किल्ली देण्याचा दिवस एकच असतो. पण तत्पूर्वींचीं सारीं वर्षें त्याचें शिक्षण चालूच असतें, आणि त्या शिक्षणाची परीक्षा पुढें भर रस्त्यांत होते.